फल्लीची ढेप माणसाच्या ताटात: दारव्ह्याच्या ताईंना सविस्तर उत्तर

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून आला आहे. एका महिला बचत गटाच्या ताई विचारतात: "आमच्या गटातल्या बाया उन्हाळी फल्ली, म्हणजे भुईमूग, घेतात. सगळ्यांची मिळून दीडशे क्विंटल शेंग निघते. लाकडी घाणा घ्यायचा विचार आहे. तेल तर विकलं जाईलच, पण ढेपेपासून, म्हणजे तेल काढल्यावर उरतं त्यापासून, प्रोटीन पावडर होते आणि ती महाग जाते असं कानावर आलं. हे गावात जमेल का? आणि मशीन कोणतं घ्यावं?"

ताई, मी नागपूरला तेल तंत्रज्ञान शिकलो आणि त्यानंतरची सगळी वर्षं तेलगिरण्यांमध्येच काढली. तेवढ्या अनुभवावर सांगतो, गावात जमतं. मात्र तुम्ही ज्याला प्रोटीन पावडर म्हणता, त्या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू येतात. त्यातली एक तुमच्या आवाक्यात आहे, दुसरी नाही. मशीनचं नंतर बोलू, कारण या धंद्याचं नशीब मशीनवर ठरत नाही. ते खळ्यावर ठरतं.

आधी हिशोब समजून घ्या. चांगल्या वाळलेल्या १०० किलो शेंगेतून साधारण ७० किलो दाणा निघतो, बाकीचं टरफल. तुमच्या दीडशे क्विंटलचा दाणा झाला १०५ क्विंटल. दाण्यात तेल ४५ ते ५० टक्के आणि प्रथिन २५-२६ टक्के असतं. आता १०० किलो दाणा घाण्यात टाकला असं धरा. त्यात ४८ किलो तेल आहे. ते सगळं निघत नाही. लाकडी घाण्याच्या ढेपेत बाराएक टक्के तेल राहतंच, एक्सपेलरच्या, म्हणजे मळसूत्राने दाबून तेल काढणाऱ्या यंत्राच्या, ढेपेत सहा-आठ टक्के. म्हणजे घाण्यावर तुम्हाला ४१ किलोच्या आसपास तेल आणि ५९ किलो ढेप मिळेल. प्रथिन तेलाबरोबर जात नाही, ते सगळं ढेपेत उरतं. २६ किलो प्रथिन ५९ किलो ढेपेत, म्हणजे ४४ टक्के. तूरडाळीत हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे गोठ्यात गव्हाणीत टाकतो ती वस्तू डाळीच्या दुप्पट प्रथिनाची आहे. हे मी गेली कित्येक वर्षं सांगत आलो आहे, आणि दरवेळी लोक माझ्याकडे अविश्वासाने पाहतात.

ही ढेप नीट केली, दळली, चाळली, की होतं शेंगदाण्याचं कमी तेलाचं पीठ. हे तुम्हाला जमण्यासारखं आहे.

दुसरी वस्तू म्हणजे आयसोलेट, ९० टक्के प्रथिनाची. जिमवाली मुलं डब्यातून जी पावडर घेतात, तिच्या जातीची. तिच्यासाठी ढेपेतलं उरलेलं तेल हेक्झेन नावाच्या द्रावकाने धुऊन काढावं लागतं. हेक्झेन पेट्रोलसारखा पेट घेतो, त्याची गिरणी गावठाणात उभी करता येत नाही. मग ते पीठ सोड्यासारख्या अल्कलीच्या पाण्यात सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) ८-९ ठेवून कालवायचं, प्रथिन पाण्यात उतरवायचं, चोथा वेगळा करायचा आणि आम्ल घालून सामू ४.५ वर आणायचा. तिथे प्रथिन दुधासारखं फाटतं आणि खाली बसतं. ते धुवायचं आणि गरम हवेच्या मनोऱ्यात फवारून सुकवायचं. पाणी भरपूर लागतं, सांडपाण्याचा प्रश्न वेगळा, आणि गुंतवणूक कोटीत जाते. आपल्या देशात हे तंत्र नवीन नाही. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न संशोधन संस्थेने शेंगदाण्याच्या प्रथिनाचं आयसोलेट दुधात मिसळून 'मिलटोन' नावाचं पेय काढलं होतं. पण ते काम कारखान्याचं. कोणी तुम्हाला दहा-बारा लाखांत "प्रोटीन आयसोलेट प्लांट" देतो म्हणाला तर त्याला दारातून परत पाठवा.

पिठाकडे वळू. त्याच म्हैसूरच्या संस्थेने १९५० च्या दशकात एक मिश्रण बसवलं होतं: तीन भाग शेंगदाण्याचं पीठ आणि एक भाग भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, वरून जीवनसत्त्वं आणि कॅल्शियम. त्यामागचा विचार आजही तितकाच खरा आहे. शेंगदाण्याच्या प्रथिनात लायसिन, म्हणजे शरीराला अन्नातूनच घ्यावा लागणारा प्रथिनाचा एक घटक, कमी असतं. ज्वारीतही लायसिन कमीच. म्हणून ज्वारीच्या पिठात नुसतं फल्लीचं पीठ मिसळून "पौष्टिक भाकरी" केली तर प्रथिनाचा आकडा वाढतो, पण उणीव तीच राहते. हरभऱ्यात लायसिन भरपूर आहे. तुमचं ४४ टक्क्यांचं पीठ तीन भाग आणि फुटाण्याचं पीठ एक भाग घेतलं तर मिश्रण ३८ टक्के प्रथिनाचं होतं आणि शरीराला ते जास्त लागू पडतं. त्याचे लाडू करा, थालीपिठाची भाजणी करा, पिठलं दाट करायला वापरा. आमच्या घरी मूठभर पीठ पातळ भाजीत जातं, रस्सा आळतो आणि चवही बसते.

इथवर सगळं सोपं वाटतं. आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ती सांगतो.

ढेप जनावराला जाणार असते तेव्हा आपण घाण्यात काय टाकतो? चांगला दाणा अडत्याकडे किंवा किराणा दुकानात जातो. फुटका, सुरकुतलेला, किडका, काळा पडलेला दाणा तेलाला जातो. "तेलात काय दिसतं," असं म्हणतात. ज्या दिवशी तुम्ही ढेप माणसाला खाऊ घालायची ठरवता, त्या दिवशी ही रीत उलटी करावी लागते. आता सगळ्यात चांगला दाणा घाण्यात गेला पाहिजे. कारण आहे बुरशी.

अ‍ॅस्परजिलस नावाची हिरवट-पिवळी बुरशी फल्लीवर बसते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. त्याचा शोध लागला तोच शेंगदाण्याच्या ढेपेतून. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पक्षी मेले. कारण शोधता शोधता ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या ढेपेपर्यंत माग पोचला. हे विष यकृतावर बसतं आणि माणसात कर्करोग करतं हे आता सिद्ध आहे. भाजून, तळून, शिजवून ते काही प्रमाणात कमी होतं, संपत नाही. आणि फल्ली पिळली की विषाचा मोठा वाटा तेलात न जाता ढेपेत राहतो. म्हणजे आपण जे प्रथिन गोळा करतोय, त्याच्याच बरोबर तेही गोळा होतं.

किती चालतं? थेट खायच्या मालाला आपल्याकडची मर्यादा किलोमागे १० मायक्रोग्रॅम, युरोपात ४. दहा टनांचे शंभर ट्रक फल्ली घेतली आणि त्यात मिळून एक तोळा विष असेल, तर तो माल आपल्या मर्यादेच्या काठावर आला. इतकं ते बारीक आहे.

माझ्या स्वतःच्या हातून घडलेली गोष्ट सांगतो. तेव्हा मी एका गिरणीत उत्पादन बघत होतो. एका खाद्यपदार्थ कंपनीकडून शेंगदाणा पिठाची मोठी ऑर्डर मिळाली. आम्ही दाणा हाताने निवडला, मशीन धुतलं, पीठ दुहेरी पिशवीत भरलं. पंधरा दिवसांत चार टन माल परत आला, सोबत अफ्लाटॉक्सिनचा अहवाल. मला वाटलं प्रयोगशाळेची चूक असेल. दुसरीकडे तपासलं, तेच. मग एकेक पायरी मागे जात शोध घेतला. शेंग फोडणाऱ्याने रात्री शेंगेवर पाणी मारलं होतं. कोरडी शेंग मशीनमध्ये फोडली की दाण्याची डाळ होते, भाव कमी मिळतो, म्हणून शेंग ओली करून फोडतात. तो ओलसर दाणा चुंगड्यांत भरून, थप्पी लावून आठ दिवस तसाच राहिला. वरून एक डाग नव्हता. मी एक दाणा दोन बोटांत धरून त्याच्या दोन डाळी वेगळ्या केल्या. आतल्या खोलगट जागेत, कोंबाच्या शेजारी, मोहरीएवढी हिरवट मखमल होती. तेव्हापासून आलेल्या प्रत्येक पोत्यातले दाणे मी फोडून बघतो. त्या मालाची जबाबदारी माझी होती आणि मी शेंग कशी फोडली हे विचारलंच नव्हतं, याची बोच अजून आहे.

म्हणून ताई, पहिले पैसे घाण्यावर घालू नका. वाळवणावर घाला. ताजी उपटलेली शेंग ३५ ते ४५ टक्के ओली असते. ती आठ टक्क्यांपर्यंत आणायची, दाण्यातला ओलावा सातच्या खाली. विदर्भातला मे महिना यासाठी देणगी आहे. आपल्याकडे जे ऊन माणसाला सोसत नाही, तेच फल्लीला वाचवतं. उपटलेले वेल शेंगा वर करून दोन-तीन दिवस वावरातच ओळीने पालथे ठेवा, मग शेंगा तोडून ताडपत्रीवर पातळ पसरा, दिवसातून तीन-चारदा हात फिरवा, रात्री झाका. डांबरी रस्त्यावर वाळवू नका. शेंग कानाजवळ हलवली की खुळखुळली पाहिजे, दाणा दाताखाली कट्ट वाजून तुटला पाहिजे. तरी तुमच्या दातावर विसंबू नका, गटात एक ओलावा मोजायचं यंत्र घ्याच.

पेरणीची तारीखही यातच येते. टॅग-२४ म्हणजे ट्रॉम्बे-अकोला-ग्राउंडनट, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि आपलं अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांचं वाण, १९९१ पासून शेतात आहे. ते उन्हाळ्यात ११५ दिवसांच्या आसपास येतं. जानेवारीच्या शेवटी पेरलं तर मे सरायच्या आत वेल उपटून होतात. पेरणी फेब्रुवारीच्या मध्यावर गेली तर काढणी मृगाच्या तोंडावर येते, आणि पहिल्या सरीत सापडलेली उपट्या (न पसरणाऱ्या) जातीची शेंग जमिनीतच कोंब धरते. तसला माल पिठाला घ्यायचाच नाही. पाण्याचा शेवटचा महिनाही सांभाळा. दाणा भरताना वावर तडकलं तर बुरशी जमिनीतूनच शेंगेत शिरते, मग वाळवण कितीही चांगलं असो. आपल्याकडे रानडुकरांच्या भीतीने काही जण कच्चीच फल्ली उपटतात. त्यांची अडचण मला कळते, पण कच्चा, सुरकुतलेला दाणा पिठाच्या ढिगात येऊ देऊ नका.

शेंग फोडताना पाणी मारायचं नाही. डाळ झाली तर होऊ द्या, तुम्हाला ती पुढे करायचीच आहे.

मग निवडणं. खिडकीच्या उजेडात पांढऱ्या कापडाचं टेबल, दोन्ही बाजूंना बाया, आणि घाई नाही. विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं. हजारांत दोन-चार दाण्यांत ते ठासून भरलेलं असतं आणि बाकीचे स्वच्छ असतात. म्हणून चार दाणे बाजूला गेले तर सगळं पोतं वाचतं. सुरकुतलेला, रंग बदललेला, किडीने टोचलेला, जुना फुटका, कोंब आलेला, सगळे बाहेर. आमच्याकडे दर शंभर किलोत आठ-दहा किलो असे निघतात. एवढं टाकायचं म्हटलं की जीव वर-खाली होतो, आणि कोणीतरी म्हणतंच, "गाईला घालू." घालू नका. गाईने खाल्लेलं अफ्लाटॉक्सिन रूप बदलून दुधात उतरतं, आणि ते दूध लेकरं पितात. हा दाणा हंगामाच्या शेवटी वेगळा पिळा, तेल धुण्याच्या साबणाला द्या, ढेप वावरात टाका. भुईमुगाच्या ढेपेत सात टक्क्यांच्या पुढे नत्र असतं, संत्र्याच्या बागेवाले आनंदाने नेतील. त्यानंतर घाणा धुतल्याशिवाय खाण्याचा माल टाकायचा नाही.

निवडलेला दाणा मंद आचेवर हलका भाजायचा, रंग येईपर्यंत नाही, फक्त लाल साल सुटेपर्यंत. मग साल काढून डाळ करायची. लाल सालीत टॅनिन असतं, त्याने पीठ तपकिरी आणि तुरट होतं. डाळ झाली की कोंब सुटा होतो, तो बारीक चाळणीने काढून टाका, कडवटपणा त्यात असतो. कृषी विद्यापीठाची मिनी दालमिल आपल्या जिल्ह्यात बऱ्याच गटांकडे आहे. तिच्यावर फल्लीची साल काढता येते का ते किलोभर दाण्यावर करून बघा. चुरा फार झाला तर सालीसाठी वेगळं यंत्र लागेल.

आता घाणा की एक्सपेलर? एक्सपेलरमध्ये तेल जास्त निघतं, पण नुसता सोललेला दाणा त्यात घसरतो, पकड धरत नाही. म्हणून गिरणीवाले त्यात थोडं टरफल टाकतात. जनावराच्या ढेपेत ते खपतं, माणसाच्या पिठात टरफल म्हणजे भुसा. शिवाय एक्सपेलरमध्ये उष्णता खूप वाढते, ढेप करपली की आधीच कमी असलेलं लायसिन आणखी कमी होतं. लाकडी घाणा सावकाश चालतो, माल कोमट राहतो. तुमच्या मापाला घाणाच बरा, आणि घाण्याच्या तेलाला चांगला भावही मिळतो. घाण्याच्या शास्त्रात आपला प्रदेश जुना जाणकार आहे. १९३४ साली वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला, आणि तिथे झवेरभाई पटेलांनी बैलघाण्यात सुधारणा करून वर्धा घाणी तयार केली. त्याच मगनवाडीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगीकरण संस्था आहे. घाणा घेण्याआधी दोघीजणींनी तिथे चक्कर मारून या.

घाण्याची एक मोठी अडचण मात्र दुकानदार तुम्हाला सांगणार नाही. दाण्यातून तेल सुटावं म्हणून घाण्यात पाण्याचा शिपका द्यावा लागतो. ते पाणी ढेपेत राहतं. ओलसर, कोमट, प्रथिनाने भरलेली ढेप रात्रभर पोत्यात राहिली की वाळवणापासून केलेली सगळी मेहनत एका रात्रीत गेली. ढेप निघाल्या निघाल्या हाताने फोडून, पातळ पसरून, त्याच दिवशी वाळवा. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा गरम हवेचा ट्रे-ड्रायर लागतो. तो परवडत नसेल तर पिठाचं काम जूनच्या आत संपवा आणि पावसाळ्यात घाणा बंद ठेवा. मला विचाराल तर पहिली दोन वर्षं तसंच करा.

दुसऱ्याच्या घाण्यावर पिळून आणायचा मोह होईल. जिथे सरकी पिळली जाते तिथे अजिबात नको. सरकीत गॉसिपॉल असतं, ते माणसाला घातक, आणि घाण्याच्या फटीत मागची ढेप हमखास अडकलेली असते.

तेलाचं थोडक्यात. दोन-तीन दिवस निवळू द्या, कापडातून गाळा, स्टीलच्या टाकीत, अंधारात ठेवा. तांब्या-पितळेचं भांडं नको, तांब्याने तेल लवकर खवट होतं. गाळ नीट काढा, कारण बुरशीचं विष तेलात जातं ते बरंचसं या बारीक कणांबरोबर. सुटं खाद्यतेल विकायला कायद्याने बंदी आहे, सीलबंद बाटलीतच विका. कच्च्या शेंगदाणा तेलाची आम्लता (अ‍ॅसिड व्हॅल्यू) कायद्याने ६ च्या आत लागते. चांगल्या दाण्याचं तेल त्याच्या बरंच खाली असतं, आणि त्याहून वर गेलं तर दोष दाण्यात शोधा.

पीठ बारीक दळून, चाळून, हवाबंद पाकिटात भरा. त्यात अजून तेल आहे, म्हणून ते दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका. पाकिटावर शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठीची सूचना ठळक लिहा. अन्न परवाना तेल आणि पीठ दोन्हींसाठी घ्या. केंद्र सरकारच्या पीएमएफएमई या अन्नप्रक्रिया योजनेत सूक्ष्म उद्योगाला खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान ठरवलेलं आहे. सध्या अर्ज घेतायत का ते तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे विचारा.

तपासणीचा नमुना कसा घ्यायचा हे नीट वाचा, कारण इथे भले भले चुकतात. एका पोत्यातून वरची मूठ घेऊन प्रयोगशाळेत दिली तर तो अहवाल कागदापुरता. विषारी दाणे थोडे आणि विखुरलेले असतात, मुठीत ते येतील किंवा येणार नाहीत. प्रत्येक पोत्यातून, वरून, मधून, खालून थोडा थोडा दाणा काढा. पाच किलोपर्यंत जमवा. तो सगळा दळा, नीट कालवा, आणि त्यातलं अर्धा किलो पाठवा. दर घाण्याला नाही, पण प्रत्येक शेतकरणीच्या मालाला एकदा तरी. कोणाच्या मालात आकडा वर आला तर तिला बोल लावू नका, तिच्या खळ्यावर जाऊन बघा. बहुतेक वेळा ताडपत्री फाटकी असते नाहीतर शेवटचं पाणी चुकलेलं असतं.

यंदा दीडशे क्विंटल सगळे पिठाला लावू नका. पाच-सहा बायांची मिळून वीस क्विंटल शेंग वेगळी धरा, ज्यांची वाळवणं तुम्ही रोज डोळ्यांनी बघू शकाल अशांची. त्याचा दाणा चौदा क्विंटल, निवडून साडेबारा. सालीची आणि कोंबाची थोडी तूट धरून पीठ सहा-सात क्विंटल होईल. घाणा नसला तर स्वच्छ, फक्त फल्ली पिळणारा घाणा भाड्याने मिळतो का बघा. आणि वेल उपटायच्या आधी मला कळवा. मे महिन्यात मी तिकडे येतो, पहिल्या दिवशी शेंग पसरताना सोबत असलो तर बरं होईल. येताना ओलावा मापायचं यंत्र माझं घेऊन येतो, ते हंगामभर तुमच्याकडे ठेवा.